जीपमधली शेजारची जागा

आमच्या कोल्हारात फौजी निवृत्त होऊन आला की उघड्या जीपमधून त्याची मिरवणूक निघते. शेजारी बायको बसते, दोघं मिळून फुलं उधळतात. जीप माझी, चालवतोही मीच. त्यामुळे कोण कुठं बसलं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

मच्छिंद्र रणगाड्यावर तोफची होता. चोवीस वर्षं नोकरी करून दफेदार म्हणून सुटला. लग्न केलं नव्हतं, म्हणून शेजारी आबासाहेबांनी बसावं एवढी एकच त्याची इच्छा होती. निवृत्त रिसालदार आबासाहेब हे एके काळी त्याच्याच रणगाड्याचे कमांडर. आत जागा इतकी अडचणीची, की त्यांचे गुडघे तीन वर्षं मच्छिंद्रच्या पाठीला टेकलेले. ते आनंदानं हो म्हणाले होते.

आबासाहेबांचं एक मत गावाला पाठ होतं. पुरुषानं पुरुषावर प्रेम करणं कोर्टानं गुन्ह्यातून काढलं, तेव्हा ते पारावर तावातावानं बोलले होते. बाहेर काय करायचं ते करा, फौजेत असली माणसं नकोत. एका तंबूत झोपायचं असतं, भरवसा कसा ठेवायचा? जवान कसा पाहिजे, तर आपल्या मच्छिंद्रसारखा.

मिरवणुकीच्या आदल्या दिवशी दोघं माझ्याकडे जीप बघायला आले. आबासाहेबांनी लग्नाचा विषय काढला, श्रीगोंद्याचं एक स्थळही सुचवलं. मच्छिंद्रनं शांतपणे सांगितलं, की आपल्याला बायकांची ओढ कधी नव्हती, पुरुषांचीच आहे. वर्दी अंगावर होती तोवर बोलता येत नव्हतं.

आबासाहेबांनी बुटानं जीपचा टायर दाबून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी तंबूत, माज्या शेजारी..."

"तंबूत तुमी लई घोरायचा, साहेब. मला झोप येत न्हवती. त्याच्यापल्याड काई न्हाई."

मला हसू आलं, ते मी गिळलं. आबासाहेब तसेच घरी निघून गेले. उद्या ते बसतील का, असं मच्छिंद्रनं मला दोनदा विचारलं. बसतील, म्हणालो. खात्री मलाही नव्हती.

ते आले. कडक इस्त्रीचा कोट, छातीवर पदकं. शेजारी बसलेही. बसताना मात्र फुलांची टोपली उचलून त्यांनी दोघांच्या मध्ये ठेवली. मला संताप आला. पण माणूस आला होता, हेही खरं. मी गाडी सुरू केली.

वेशीपासून दोघंही फुलं उधळत होते. शाळेपाशी पाकळ्या संपल्या. आरशात पाहिलं, तर मच्छिंद्रनं रिकामी टोपली उचलून पायाशी ठेवली. आबासाहेबांनी ती परत उचलली आणि मध्ये ठेवली.