मापलं की गेलं

आमच्या अक्काने जन्मात कुणाला आपलं माप घेऊ दिलं नाही. शिंप्याला नाही, कासाराला नाही आणि दवाखान्यातल्या नर्सबाईला तर नाहीच नाही. कमलनगरच्या बाजारात गफूरभाई शिंपी गळ्यातला टेप काढून पुढे आला, की ही दोन पावलं मागे सरकायची, पिशवीतून जुनी चोळी काढायची आणि त्याच्या मशीनवर टाकायची. "हीच बघून शिव." गफूरभाई कपाळाला हात लावायचा. "अक्का, ये भी तो मैं अंदाज सेच सिया था!" म्हणजे पहिली चोळी अंदाजाने शिवलेली, दुसरी पहिलीवरून, तिसरी दुसरीवरून. डाव्या बाहीत एकदा झालेली चूक अशी चोळीमागून चोळी चालत आली. बाजारात बायका पदराआड हसायच्या आणि अक्का ती सैल बाही वर सारत पुढे निघायची.

गावाने तिचं नाव बिनमापी अक्का ठेवलं होतं. नात्याने ती माझी आत्या, वडिलांची चुलत बहीण. सासर ठाणाकुशनूरजवळच्या एका वस्तीवर. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही. दिराचा मुलगा भीमण्णा तिनेच लहानाचा मोठा केला. आम्ही मूळचे मेंढरंवाले. आता बहुतेकांनी शेती धरली, काहींनी बिदरला हमाली, काहींनी हैदराबादला बांधकामं. मेंढरं उरली ती अक्काकडे आणि वस्तीवरच्या आणखी दोन-चार घरांत. सुट्टी लागली की मला तिच्याकडे धाडत, आणि माझ्या लहानपणातलं जे काही चांगलं म्हणून आठवतं ते बहुतेक त्या वस्तीवरचं आहे.

मेंढरंही ती मोजायची नाही. संध्याकाळी मेंढरं कोंडायच्या वाघुराच्या जाळीचं तोंड उघडून आत सोडताना एकेकीच्या तोंडाकडे बघायची आणि शेवटी म्हणायची, "काळतोंडी कुठाय रे?" काळतोंडी खरंच मागे राहिलेली असायची. जनावरांचा डॉक्टर लस घेऊन आला आणि किती मेंढ्या म्हणून विचारलं, तर हिचं उत्तर ठरलेलं, "हायत पोटापुरती." वडिलांनी एकदा तिच्या भिंतीला मला पाठ लावून उभं केलं आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ ओढली. अक्का बाहेरून आली, रेघ पाहिली आणि पदर ओला करून ती घासून पुसली. "वाढायलीया की लेकरू," ती वडिलांवर करवादली, "मापून कामून थांबवायलास?" वडील शिकलेले, हसले. मी मात्र त्या रात्री पाय लांब करून निजले, न जाणो उंची थांबली असली तर.

तिच्या या भीतीला एक पत्ता होता. वस्तीमागे माळ चढत जातो, त्याच्या माथ्यावर एक घडीव दगड आहे. त्यावर एक वर्तुळ कोरलंय आणि मधोमध एक टिंब. कुणी त्याला शेंदूर लावत नाही, की कुणी उपटत नाही. मेंढरं घेऊन त्या वाटेने जाताना अक्का डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायची, सासऱ्यापुढे ओढावा तसा. मी विचारलं, "अक्का, देव हाय का त्यो?" ती म्हणाली, "देव असता तर तोंड दाखवलं असतं. त्यानं आपल्याला बघू न्हाई म्हणून झाकायचं."

गोष्ट तिच्या सासऱ्याच्या आज्याची. त्या काळी एक गोरा साहेब माळावर आला, साखळ्या, दुर्बिणी आणि झेंड्यांचे बांबू घेऊन. राज्य निजामाचं, पण माप गोऱ्याचं. आमच्याच माणसांनी त्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन माथ्यावर चढवल्या, त्याला दूध पाजलं. साहेबाने कुणाला शिवी दिली नाही, कोकरू फुकट घेतलं नाही, जाताना मापाची खूण म्हणून तो दगड रोवला आणि सगळ्यांना हात जोडले. ही गोष्ट सांगताना अक्काचा आवाज इथे खाली यायचा. "चांगला माणूस व्हता म्हणं गं. म्हणून तर भ्या वाटतंय. चोर बरा, त्याला वरडून हाकलता तरी येतंय. मापणाऱ्याला आपूनच पानी देताव."

साहेब गेल्यावर काही वर्षांनी कागद आले. नांगर दिसला ती जमीन कुणाची तरी ठरली. मेंढरू चरून पुढे गेलं ती कुणाचीच नाही, म्हणजे सरकारची, आणि शेरा पडला पडीक. मग ओढ्याकडचा भाग जंगल म्हणून वेगळा काढला आणि तिथे काठी घेतलेला गार्ड बसला. पुढे निजाम गेला, राज्यं नव्याने आखली, उदगीरकडे जाणारी मेंढरांची जुनी वाट परराज्यात गेली आणि वाटेत नाका आला. गोऱ्याचं राज्य जाऊन माझ्या वडिलांचं आयुष्य उलटलं, पण पडीक हा शेरा कुणी पुसला नाही. मी बिदरजवळ नौबादला शाळेत इतिहास शिकवते. साम्राज्य संपलं, असं फळ्यावर लिहिते आणि खडू ठेवताना मला तो दगड आठवतो.

माळ उरला होता तो अक्काच्या मेंढरांना पुरेसा होता. मग एक दिवस पांढरी जीप आली. टोप्या घातलेली तरुण पोरं उतरली, माळावर लाल झेंड्या रोवू लागली. एकाने माथ्यावरचा दगड शोधून काढला आणि खूश होऊन त्यावर आपलं यंत्र मांडलं. सूर्याच्या विजेची कंपनी येणार होती, माळभर काचेच्या पाट्या बसणार होत्या. पोरं उन्हाने लाल झालेली, अक्काने त्यांना ताक दिलं. त्यांनी आजी आजी करत तिच्या पाया पडून घेतलं, बिस्किटाचा पुडा दिला. पोरं गेल्यावर अक्का उंबऱ्यावर बसली ती उठेचना. पुडा तसाच मांडीवर. भीमण्णाने विचारलं, "काय झालं अक्का?" "काही न्हाई," ती म्हणाली. "ही बी चांगलीच हायत."

विजेला माझा विरोध नाही. माझ्याही घरात पंखा फिरतो. पण कागदावर माळ पडीक होता, आणि पडीक जागेवर कुणाचं काय जाणार? तालुक्याच्या साहेबांनी सांगितलं, माळावर कुणाची जनावरं चरत असतील तर ती दिसली पाहिजेत. अमुक दिवशी वरून चित्रं घेऊ, मग सुनावणी करू. भीमण्णाला हायसं वाटलं. माळ तर मेंढरांनी पांढरा असतो, चित्रात आपोआप येईल. त्या दिवशी अक्काला काही न सांगता तो बाजाराला गेला. तिथेच चुकलं.

सकाळी माळावर गूं गूं करत ड्रोन उठला. अक्काने वर पाहिलं. जमिनीवरून एक छोटी सावली मेंढरांच्या पाठीवरून सरकत गेली, आणि मेंढरं दबकून एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालू लागली. अक्काला काय करायचं ते शिकवावं लागलं नाही. दगडापुढे जे करत आली तेच तिने केलं. हाळी दिली, सगळा कळप ओढ्याच्या घळीत उतरवला आणि झाडोऱ्याखाली दडवून बसली. ती म्हातारी दडतेय म्हटल्यावर बाकीच्या घरांनीही आपली मेंढरं तिच्यामागे घळीत घातली. दुपारी आवाज थांबला तेव्हा ती वर आली, हसत होती. भीमण्णा परतला तर त्याला म्हणाली, "एक बी गावली न्हाई त्याला."

सुनावणीला मीही गेले होते. भिंतीवर चित्र लावलं. आमचा माळ, वरून. वाटा, झुडपं, माथ्यावरचा दगडसुद्धा टिंबाएवढा दिसत होता. मेंढरू एक नाही. साहेब सौम्य आवाजात म्हणाले, "आजी, कुठं आहेत तुमच्या मेंढ्या?" अक्का जागेवरून उठली, भिंतीजवळ गेली, चित्रावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, किती मोकळा दिसायलाय गं आपला माळ." मला त्या क्षणी साहेबांचा राग आला, अक्काचा आला, माझ्या शिकण्याचाही आला. भीमण्णा ओरडला, की त्या दडल्या होत्या, ओढ्यात होत्या. साहेबांनी विचारलं, "आपलीच जनावरं कुणी दडवतं का?" आमच्याशिवाय हे कुणाला कळणार होतं?

पुढचं लांबवत नाही. कुंपण पडलं, मेंढरं विकली. काळतोंडीला टेम्पोत चढवताना अक्का घरातून बाहेर आली नाही. मग मी तिला नौबादला माझ्याकडे आणलं. ती गच्चीवर बसून राहायची. जेवण वाढलं की मुकाट्याने जेवायची, भांडायचीही नाही, आणि अक्का भांडत नाही याचीच मला धास्ती वाटायला लागली.

सणाला चोळी शिवू म्हणून मी तिला कमलनगरला नेलं. जुनी चोळी मी आठवणीने पिशवीत घेतली होती. ती काढून मशीनवर ठेवणार, तोच अक्का स्वतः पुढे झाली आणि गफूरभाईपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली. "घे माप." गफूरभाई आता म्हातारा झालेला. त्याने टेपला हात लावला नाही. "नक्को अक्का," तो म्हणाला, "पुरानी चोळी दो, मैं देख लेतौं." "घे म्हणलं की," अक्का म्हणाली. "आता काय ऱ्हायलंय माझ्यापाशी न्यायला?" त्याने माप घेतलं. दंड, छाती, खांदा. ती डोळे मिटून उभी होती.

ती चोळी अंगाला चोख बसली. डावी बाहीसुद्धा. आरशात बघून मला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे. महिन्याच्या आत अक्का गेली, झोपेत, काही दुखणं नसताना. डॉक्टर वय म्हणाले.

आमच्यात पुरतात. वस्तीवर कुंपणाच्या अलीकडे थोडी जागा उरली आहे, तिथे नेलं. तारांपलीकडे माळभर काचेच्या पाट्या, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला वळलेली. ओढ्यापलीकडच्या टेकडीवर, जिथे अजून दोन घरांची शेरडं चरतात, तिथे नव्या लाल झेंड्या फडफडत होत्या आणि खाली पांढरी जीप उभी होती. खड्डा खणणारा अक्काशेजारी वाकला आणि रीतीप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत दोरी लावू लागला. भीमण्णाने पुढे होऊन त्याच्या हातातली दोरी काढून घेतली.

"राहू दे," तो म्हणाला. "अंदाजानं खण."