तिथे शिकलेलं इथे चालत नाही

अमेरिकेत, रेडमंडला आल्यावर पहिली काही वर्षं मी घरातच होते. नवऱ्याचा वर्क व्हिसा, माझा डिपेंडंट. नागपूरला मी बँकेत नोकरी करत होते. इथे मला राहायची परवानगी होती, शिकायची होती, कमवायची नव्हती. मुलगी शाळेत जायला लागली, तेव्हा मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. म्हणजे कमी फीचं, कोणालाही प्रवेश देणारं दोन वर्षांचं कॉलेज; तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं. करायचं होतं अकाउंटिंग. पण त्यासोबत विज्ञानाचा एक लॅब असलेला विषय घ्यावाच लागतो, आणि मुलीच्या शाळेच्या वेळेत बसणारा एकच होता: भूशास्त्र. दगडांचा अभ्यास. मी नाइलाजाने घेतला.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. उंच, बारीक, वर्गातही रेनकोट न काढणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक काळा दगड दिला आणि म्हणाल्या, याच्याबद्दल काय माहीत आहे ते मला नको, काय दिसतं ते सांगा. मी म्हटलं, बारीक बारीक भोकं दिसतात. ती कशाने पडली असतील, हे त्यांनी आम्हालाच शोधायला लावलं. लाव्हा थंड होताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे, इथपर्यंत येण्यात अर्धा तास गेला. मग मी सांगितलं की असले दगड आमच्या गावीही असतात. त्यांनी गावाचं नाव विचारलं, लगेच वर्गातल्या पडद्यावर भारताचा नकाशा लावला आणि बोट ठेवलं. म्हणाल्या, "तू लाव्हाच्या काठावर वाढलीस. तुझ्या शहराच्या जवळच तो संपतो."

घरी येऊन मी वाचत बसले. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे, ती टेकडीच लाव्हाची. माझ्या शाळेच्या गच्चीवरून ती रोज दिसायची. दहा वर्षं भूगोल शिकले, नद्यांची नावं घोकली, मार्कही बरे पडले, आणि एकाही शिक्षकाला आम्हाला तिथवर चालत नेऊन हा दगड बघा म्हणावंसं वाटलं नाही. मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. मी अकाउंटिंग सोडलं आणि पुढच्या टर्मला भूशास्त्राचा दुसरा कोर्स घेतला.

या बाईंबद्दल सांगायला हवं. त्यांच्याकडे डॉक्टरेट होती, पण कायमची नोकरी नव्हती. एका टर्मपुरतं कंत्राट, ते संपलं की पुढचं मिळेल न मिळेल. त्या एकाच वेळी तीन कॉलेजांत शिकवायच्या आणि सगळे दगड स्वतःच्या गाडीच्या डिकीत खोक्यांमध्ये घेऊन फिरायच्या. त्यांना बसायला खोली नव्हती. शंका विचारायची तर कँटीनमध्ये, लोकांच्या जेवणाच्या ट्रेच्या खडखडाटात. कॉलेजच्या मोठ्या माहितीपत्रकावर मात्र त्यांच्या वर्गाचा फोटो होता.

दुसऱ्या कोर्सला माझ्या शेजारी एक मराठी मुलगी येऊन बसली. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे, दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. आमच्या मराठी मंडळात मी तिला पाहिलं होतं. शाळेतून थेट एका मोठ्या युनिव्हर्सिटीत तिला कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला होता. तिथे ती खचली, जेवेना, झोपेना, आणि वर्षाच्या मध्यावर घरी परत आली. ती मला काकू म्हणायची आणि त्यापुढचं सगळं इंग्रजीत बोलायची. लॅबमध्ये मात्र ती खनिजाचा तुकडा डोळ्याजवळ धरून इतकी गप्प बसायची की मीही बोलत नसे.

मंडळातल्या एकांच्या घरी दिवाळीचं पॉटलक होतं, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा. तिथे तिची आई मला हळूच बाजूला, कपडे धुवायच्या खोलीत घेऊन गेली.

"अगं, एक विनंती आहे. ती तुमच्या कॉलेजात येते हे इथे बोलू नकोस. आम्ही सगळ्यांना गॅप इयर सांगितलंय, मुद्दाम एक वर्ष सुट्टी घेतलीय म्हणून."

मी विचारलं, का?

"कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोकांना वाटतं मुलगी वाया गेली. तुझं ठीक आहे, तू वेळ जावा म्हणून जातेस."

मी म्हटलं, "ताई, आमच्या वर्गात तिच्याइतकं हुशार कोणी नाही."

"तेच तर," असं म्हणून त्या भज्यांचं ताट घेऊन बाहेर गेल्या.

वेळ जावा म्हणून! मी माझ्या मुलीला झोपवून स्फटिकांच्या रचना पाठ करत होते, भाजी ढवळताना खडकांच्या वयांचे हिशोब करत होते, आणि बाहेर हॉलमध्ये माझ्या नवऱ्याला कोणीतरी हसत विचारत होतं की वहिनींचे दगड काय म्हणतात. राग यायचं खरं कारण मात्र ती मुलगी होती. ती सोफ्यावर बसून लोकांना गॅप इयर कसं चाललंय ते सांगत होती, आणि खोटं बोलायची वेळ तिच्यावर आईनेच आणली होती.

उन्हाळ्यात आम्ही दोघींनी बाईंचा फील्डचा कोर्स केला. कॅस्केड डोंगर ओलांडला की पाऊस संपतो, झाडं संपतात आणि कोलंबिया नदीच्या काठाने काळ्या खांबांच्या भिंती सुरू होतात. तोही लाव्हाच. आम्ही तंबूत राहिलो. दिवसभर उन्हात कडे चढायचे, थर किती कललेत ते त्यासाठीच्या खास होकायंत्राने मोजायचं, आणि उजेड आहे तोवर नकाशा काढायचा. बाई नकाशा बघायच्या, एखाद्या रेषेवर पेन्सिल ठेवायच्या आणि म्हणायच्या, इथे तू गेली नाहीस, अंदाजाने काढलंस, परत जा. त्या दरवेळी बरोबर ओळखायच्या. त्या मुलीच्या नाकाची सालं निघाली, माझे गुडघे सोलले. आमचा नकाशा त्यांनी शेवटी न बोलता बाजूला ठेवला, तेव्हा ती मुलगी मला चक्क मराठीत म्हणाली, "काकू, जमलं आपल्याला."

त्यानंतर आम्ही दोघींनी युनिव्हर्सिटीत अर्ज केला आणि दोघींनाही प्रवेश मिळाला. तिच्या आईने मंडळात पेढे वाटले. आता सांगण्यासारखं झालं होतं.

युनिव्हर्सिटीत पहिल्यांदा सल्लागाराकडे जावं लागतं. कोणते विषय घ्यायचे ते तो सांगतो. आमचा सल्लागार तरुण होता, अतिशय गोड बोलणारा. त्याने स्क्रीनकडे बघत सांगितलं की तुमचा फील्डचा कोर्स आम्ही ऐच्छिक विषयात धरू, पण मुख्य विषयात नाही. वरच्या वर्गात बसायच्या आधी तुम्हाला आमचा फील्डचा कोर्स करावा लागेल. तो यंदाच्या फॉल टर्ममध्ये, म्हणजे सप्टेंबर ते डिसेंबर, आहे. पण वरचे वर्गही त्याच टर्मला सुरू होतात, त्यामुळे ते पुढच्या फॉलला. म्हणजे वर्ष गेलं.

मी विचारलं, "आमच्या कोर्समध्ये काय कमी होतं?"

"लेव्हलचा फरक असतो," तो म्हणाला. "ते कम्युनिटी कॉलेज आहे."

"तुम्ही तो कोर्स पाहिलाय?"

त्याने पाहिलेला नव्हता. तो ठरवतही नव्हता. ठरवणारी एक कमिटी होती, आणि तिनेही पाहिलेला नव्हता. लिफ्टमध्ये त्या मुलीचे डोळे भरले. तिला वाटलं, आपण पुन्हा मागे पडलो. एवढ्या कष्टाने उभी राहिलेली पोर एका गोड वाक्याने परत खाली बसवली होती.

घरी मी तावातावाने सगळं सांगितलं. नवरा म्हणाला, "एवढी काऊन तापून राहिली तू? पुन्हा करून घे, सोपं जाईल." तो वाईट बोलत नव्हता. पण सोपं जाण्याचा प्रश्नच नव्हता. मी केलेलं काम मी केलेलं नाही, असं मला तोंडावर सांगितलं होतं.

फॉल टर्म सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही दोघी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. दार उघडलं आणि रेनकोट घातलेल्या आमच्या बाई दगडांचं खोकं छातीशी धरून आत आल्या.

तो कोर्स शिकवणारे प्रोफेसर रजेवर गेले होते. युनिव्हर्सिटीने त्यांच्या जागी बाईंना एका टर्मपुरतं घेतलं होतं. त्याच बाई, तीच खोकी, आणि पुढे ट्रिपला निघालो तर तोच कडा. बाई मिश्किल हसतील असं मला वाटलं होतं. आम्हाला पाहून त्यांचा चेहरा उतरला. तास संपल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही इथे का? आम्ही सांगितलं. त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, मी विभागप्रमुखांकडे जाणार आहे, पण तुमच्या कंत्राटावर गदा येणार असेल तर जाणार नाही.

"जा," त्या म्हणाल्या. "स्वतःसाठी माग. माझ्यासाठी मागू नकोस. मी इथे डिसेंबरपर्यंतच आहे."

मी त्या मुलीला घेऊन गेले. विभागप्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, हाच कोर्स, हीच शिक्षिका. त्या कॉलेजात शिकवलं तर लेव्हल कमी आणि या इमारतीत शिकवलं तर पुरेशी, हे कसं? ते म्हणाले, प्रश्न रास्त आहे, पण प्रक्रिया असते. तेव्हा ती मुलगी बोलली. देवळाच्या गाभाऱ्यात बोलावं तशा हळू आवाजात, पण अडखळली नाही. ती म्हणाली की मी एकदा एका मोठ्या युनिव्हर्सिटीतून परत आले, मला वाटलं माझ्यात काही कमी आहे. या बाईंच्या कोर्सने ते गेलं. तुम्ही तो कोर्स न बघताच कमी ठरवलात.

टर्म निम्मी झाल्यावर उत्तर आलं. यापुढे त्या कॉलेजातून येणाऱ्यांचा फील्डचा कोर्स मुख्य विषयात धरला जाईल. आमच्याबाबतीत मात्र, वरच्या वर्गांची टर्म निम्मी होऊन गेल्यामुळे आता बदल शक्य नाही. आम्ही हा कोर्स पूर्ण करावा. उत्तरात आमचे आभार मानले होते. वर्ष आमचं गेलं आणि आभार त्यांनी मानले!

आम्ही कोर्स पूर्ण केला. तोच कडा पुन्हा मोजला, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला त्यात पहिल्यांदा न दिसलेला एक लाल मातीचा पातळ थर दिसला. बाईंना दाखवला तेव्हा त्या खूश झाल्या. शिकण्यासारखं नेहमीच असतं, हे मी नाकारत नाही. पण या गोष्टीने मला कोणी गप्प करू नये.

डिसेंबरनंतर बाईंना परत बोलावलं नाही. रजेवरचे प्रोफेसर आले. विद्यार्थ्यांनी अभिप्रायात बाईंबद्दल इतकं चांगलं लिहिलं होतं, तरी कोणी त्यांना साधं विचारलंही नाही. त्या आता खाडीपलीकडच्या एका कॉलेजात शिकवतात, फेरीबोटीने ये-जा करतात. ती मुलगी दरडी कोसळण्याच्या जागांचे नकाशे करणाऱ्या सरकारी टीमबरोबर उन्हाळाभर काम करून आली, आणि घरी आता दिवाळीत ती स्वतःच सगळ्यांना सांगते की मी आधी कुठे शिकले. आई त्या वेळी स्वयंपाकघरात जाते.

माझी डिग्री पूर्ण व्हायला थोडंच उरलंय. बाईंच्या शनिवारच्या ट्रिपला एक गाडी चालवायला माणूस लागतो, तिथे मी जाते. गेल्या ट्रिपला माझ्या गाडीत पुढच्या सीटवर एक मध्यमवयीन विद्यार्थिनी होती, दवाखान्यात रात्रपाळी करून आलेली. डोंगर ओलांडल्यावर ती जागी झाली आणि तिने विचारलं, मला युनिव्हर्सिटीत जायचंय, हा कोर्स तिथे धरतात ना?

आमच्या वेळचा निर्णय फक्त आमच्या जुन्या कॉलेजापुरता होता. मी म्हटलं, "आत्ताच विचारा. तोंडी सांगतील, ते ऐकू नका. लेखी मागा, आणि नाही म्हणाले तर का ते विचारा."

ती हसली, म्हणाली, एवढं? मी म्हटलं, हो, एवढं.