दीनानाथरावांच्या तीन पुंगळ्या

सिंगापुरात, आंग मो किओत आमच्या ब्लॉकखाली दगडी टेबल आहे. २०१३ साली तिथेच मला दीनानाथराव भेटले. मी बोलत सुटायचो, ते ऐकायचे. असा ऐकणारा मिळाला की माझी चैनच! महिनाभराने सहज विचारलं, तेव्हा कळलं की हा माणूस खानदेशातल्या एका दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं काडतुसं तपासत होता.

"अहो, मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, रवींद्रराव."

घरीही कुणी विचारत नव्हतं. मुलगी नीलिमा बँकेत, जावई प्रबोधचं ऑफिस बुओना व्हिस्टाला, दोघं सकाळीच बाहेर. सतरा वर्षांचा नातू आर्यन कानात इअरफोनची बोंडं घालून बसलेला. आजोबांशी दिवसाकाठी दोन शब्द, तेही इंग्रजीत.

एकदा तो मोबाइलवर काहीतरी बघून खदखदा हसत होता. दीनानाथराव डोकावले. कुणी दाढीवाला ओळीने कलिंगडं मांडून निरनिराळ्या गोळ्या झाडत होता. पॉइंट टू-टूच्या बारक्या गोळीने हरभऱ्याएवढं भोक पडलं, फळ जागचं हललं नाही. पिस्तुलाच्या नऊ एमएमने तडा गेला, एक फाक खाली पडली. मग रायफलची पाच पॉइंट छप्पन. कलिंगड उरलंच नाही, नुसता लाल फवारा.

"टू-टूची गोळी पण हिच्याएवढीच जाड, आजोबा! व्हाय लाइक दॅट?"

"जाडी बघू नकोस, धाव बघ. टू-टूच्या मागे चिमूटभर दारू. हिच्यामागे लांब पुंगळी भरून. तिप्पट वेगाने येते. कलिंगडातल्या पाण्याला सरकायलाही वेळ मिळत नाही, म्हणून ते फुटतं."

झालं! रोज संध्याकाळी नीलिमाची फळांची टोपली जेवणाच्या टेबलावर पालथी व्हायला लागली. संत्रं टू-टूनेही उसवेल का, पपई नऊ एमएमला किती टिकेल, सफरचंदाचे किती तुकडे होतील. पेनाने फळांवर खुणा करून दोघं भांडायचे, आणि तेही मराठीत! दीनानाथराव खाली येऊन मला सगळं सांगायचे. मी ऐकून घ्यायचो, म्हणजे बघा.

मग एकदा आर्यनने विचारलं, "माणसात पण पाणीच ना, आजोबा?"

त्या दिवशी दीनानाथराव खाली आले ते हा प्रश्न घेऊनच.

"अठरा झाली की हा सैन्यात जाणार, इथे कायम राहणाऱ्यांच्या मुलांनाही दोन वर्षं सक्तीची," ते म्हणाले. "हातात हीच पाच-छप्पन असणार. आमचं काम मातीच्या ढिगाऱ्यापर्यंत. गोळी तिथे शिरली, मोजमाप झालं, सही झाली. ढिगाऱ्याच्या जागी माणूस असला तर काय, हे मी चौतीस वर्षं मनात येऊ दिलं नाही. याला तर फळ फुटलं की हसू येतं. त्याने बंदूक हातात घ्यायच्या आधी मला त्याच्याशी एकदा नीट बोलायचंय. दिवाळीला गावी जातो आहे. निवृत्तीला मिळालेल्या, तिन्ही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन येतो. शेजारी-शेजारी मांडतो आणि सांगतो."

मी शहाणा! म्हणालो, "आणा की. रिकामं पितळ तर आहे. आमच्या गावच्या पाटलांकडे असल्या पुंगळीत उदबत्त्या खोचायचे."

जानेवारीत चांगी विमानतळावर चिवड्याच्या डब्याशेजारी रुमालात बांधलेल्या त्या तीन पुंगळ्या तपासणीत सापडल्या. इथे रिकामी पुंगळीही परवान्याशिवाय आणता येत नाही. सहा तास बसवून ठेवलं. जबाब झाला, ताकीद मिळाली, पितळ गेलं ते गेलंच. प्रबोध ऑफिस सोडून धावत आला. घरी आल्यावर म्हणाला, "अप्पा, माझा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. नीलिमाची नोकरी इथे. तुम्हाला काय, चिवड्यात काडतुसं!"

"रिकाम्या होत्या हो. आर्यनला फक्त—"

"आर्यनशी यापुढे हा विषय नाही. फोनवरसुद्धा नाही."

दीनानाथरावांनी लेकीकडे बघितलं. नीलिमा टोपलीतली संत्री फ्रीजमध्ये ठेवत होती. पेनाच्या खुणा बोटाने पुसत होती.

आठव्या दिवशी ते गावी परत गेले. निघताना मला म्हणाले, "तुम्ही बोला त्याच्याशी."

त्या वर्षाअखेर आर्यन भरती झाला. एका शनिवारी लिफ्टमध्ये भेटला, डोकं भादरलेलं, कानात बोंडं. "हाय, अंकल," म्हणाला. मी तासन्‌तास बोलणारा माणूस, पण सातवा मजला आला तरी मला सुरुवात सापडली नाही.

रविवारी आजोबा-नातवाचा व्हिडिओ कॉल असतो, नीलिमा मागे उभी. परवा दीनानाथरावांचा मला फोन आला.

"त्याची पहिली फायरिंग झाली, रवींद्रराव. लेकीने सांगितलं."

"मग? काय बोललात त्याच्याशी?"

"काय बोलणार! विचारलं, फळं खातोस ना?"

"आणि तो?"

"हसला," दीनानाथराव म्हणाले. "कलिंगडाला हसायचा ना, तसाच."