हवेत ऐकलेली गोष्ट

घरून हवेवर बोलायच्या हौशी वायरलेसच्या परवान्याची परीक्षा द्यायला आम्ही दोघं एकाच एसटीनं पुण्याला गेलो होतो. परत येताना तो पास होणार आणि मी नापास होणार, हे दोघांनाही कळून चुकलं होतं. मोर्सच्या सांकेतिक लिपीतले ठोके लिहून घेताना माझा हात मागं पडला, निम्मा कागद कोराच राहिला. तो माझा शाळेपासूनचा मित्र. इंदापूर तालुक्यातल्या साखर कारखान्यात वायरमन होता. मी बारामतीत रेडिओ दुरुस्त करायचो. रेडिओ उघडून बघायला त्याला मीच शिकवलं होतं.

परवाना मिळाल्यावर त्यानं घरावर बांबू रोवून तार ताणली, लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेल्या सामानातून सेट उभा केला. हवेवर बोलणं झाल्याची पोच म्हणून दूरदेशीच्या हौशी लोकांची कार्डं त्याला टपालानं येऊ लागली. तो ती कौतुकानं माझ्या दुकानात आणायचा. मी "झकास" म्हणायचो आणि आतून जळायचो. एक गिऱ्हाईक तर तोंडावरच म्हणालं, "तुमचा दोस्त पार इलायतेला बोलतोय म्हणं. मग तुमी का न्हाय?"

बोलायची परवानगी मला नव्हती, पण ऐकू तर येत होतं. रविवारी सकाळी दुकानाच्या फळ्या लावून मी आत बसायचो, काटा फिरवून त्याला शोधायचो आणि त्याच्या चुका काढायचो. हे त्याला कधी सांगितलं नाही.

असाच एका रविवारी तो कोल्हापूरच्या एका हौशी माणसाशी बोलत होता. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. मध्येच तो म्हणाला, "आमाला मूलबाळ न्हाय. पुण्याच्या आश्रमातली एक पोरगी बघून आलोय. दीड वर्साची हाय. आबांना, म्हंजे वडलांना, अजून सांगितलं न्हाय. दिवाळी झाली की सांगतो."

मी काटा धरून तसाच बसलो. दोनच दिवसांपूर्वी त्यानं माझ्या दुकानात दोन कप चहा घेतला होता. मला एक शब्द बोलला नव्हता. त्या परक्याला मात्र सगळं सांगितलं!

बाजारच्या दिवशी त्याचा चुलतभाऊ रेडिओ न्यायला आला. लोणी भापकरला त्याचा भाजीचा मळा होता. "आमच्या भावानं नाव काढलं बघा," तो म्हणाला.

"काढलंच की," मी म्हणालो. "आता आश्रमातनं लेक बी आणणार हाय म्हणं."

शब्द तोंडातून गेला तेव्हाच कळलं, आपण काय केलं ते. पण गेला तो गेला.

पंधरा दिवसांनी मित्र आला. बसला नाही. "आबांनी दोन दिस अन्नाला हात लावला न्हाय. कुणाचं पोर घरात आणतोस म्हणाले. तवर ती पोरगी आश्रमानं दुसऱ्या घरी दिली. चुलतभाऊ तुझं नाव सांगतोय. तुला कुणी सांगितलं?"

"तूच. रविवारी, हवेवर."

तो टेबलावरच्या सेटकडे वळला. "हवेवर बोललो, ती चूक माझी. पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं न्हाय, असं परवान्याच्या कागदावर लिवलंय."

"माझ्याकडं कुठं परवाना हाय?"

इतकं नीच उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नाही. तो म्हणाला, "व्हय, ते बी खरं," आणि पायरी उतरून गेला.

पुढच्या वर्षी मला परवाना मिळाला. पहिली हाक त्यालाच दिली. त्यानं आवाज कसा येतोय ते सांगितलं, हवा स्वच्छ असल्याचं सांगितलं. आता तो सगळ्यांशी एवढंच बोलायचा. मी विचारलं, "घरी समदी बरी हायती ना?"

"ते हवेवर नको," तो म्हणाला.

आबा हळूहळू निवळले. दोन वर्षांनी त्या घरात आश्रमातली दुसरी एक मुलगी आली. मला ते चुलतभावाकडून कळलं. मुलीला घेऊन नवराबायको सगळ्यात आधी कोल्हापूरला त्या वायरलेसवरच्या माणसाकडे जाऊन आले, असंही तो सांगत होता. मी त्याच्या रेडिओचे स्क्रू काढत राहिलो. त्या न पाहिलेल्या माणसाचा मला मित्राच्या परवान्याहून जास्त हेवा वाटला.