पोस्टरच्या मागे उभे राहिलेले दळवी सर

दळवी सर त्या सोमवारी माझ्यावर रागावले का नाहीत? सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझ्यासारख्या अगदी धाकट्या विद्यार्थिनीने काय लिहावे, याचा विचार करताना मी दर वेळी या प्रश्नापाशीच येऊन थांबले. म्हणून तेच लिहिते.

सरांची पहिली भेट शिरूरच्या आमच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी निमोण्याची. घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिलीच. वडील रांजणगावला कंपनीत शिफ्टला जातात. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी संशोधन स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा सरांनी विषय विचारला नाही. "कुणासाठी करणार आहेस?" एवढेच विचारले. मी भाबडेपणाने स्पर्धेचे नाव सांगितले. सर हसले आणि बसायला स्टूल पुढे सरकवले.

सर दौंडला राहतात. रोजच्या एसटीच्या प्रवासात ते विद्यार्थ्यांची कच्ची पोस्टरे तपासत. छापायला देण्याआधी प्रत्येकाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेनने पोस्टर लिहायचे, भिंतीला लावायचे आणि सात पावले मागे जाऊन वाचायचे. वाचता येणार नाही ते खोडायचे. भाषणाचा सराव प्रयोगशाळेतले मदतनीस तुकाराम मामा यांच्यापुढे होई. मामा नळ्या धूत ऐकत.

"पोरी, निम्मं कळलं. निम्मं तू गिळलंस," मामा पहिल्याच दिवशी म्हणाले.

"मग गिळलेलं परत सांग," सर म्हणाले. इंग्रजी शब्दांना अडखळणाऱ्या मला त्यांनी त्या आठवड्यात चौदा वेळा बोलायला लावले आणि एकदाही मध्ये तोडले नाही.

सरांचा आणखी एक नियम होता. ज्यांच्याकडून नमुने आणले, त्यांच्या ओट्यावर पहिले सादरीकरण करायचे. परिषद त्यानंतर.

माझा विषय होता भीमेकाठच्या एका गावातल्या बारा विहिरींचे पाणी. गावाचे नाव लिहीत नाही. कच्च्या पोस्टरवरच्या नकाशात विहिरींना एक ते बारा असे नुसते क्रमांक होते. सरांनी ते पाहून होकार दिला. गावात जाऊन सांगायचे राहिले होते. परीक्षा चालू होती, परिषद शनिवारवर आली होती. गुरुवारी फ्लेक्सच्या दुकानात बसल्यावर मला ते क्रमांक कोरडे वाटले. नकाशा खरा वाटावा म्हणून मी त्यांच्या जागी विहीरमालकांची नावे टाकली. बाराव्या विहिरीत नायट्रेट सर्वांत जास्त होते. तिला लाल रंग दिला.

स्पर्धेची पहिली फेरी म्हणजे ही परिषद दौंडला होती. सभागृहातला स्टँड मोडका निघाला, पंख्याच्या वाऱ्याने पोस्टर सारखे कलत होते. मी गुंडाळी उलगडेपर्यंत सर मागे जाऊन स्टँड धरून उभे राहिले होते. परीक्षक येऊन जाईपर्यंत तास-सव्वा तास त्यांनी तो सोडला नाही. परीक्षक गेल्यावर मी ते लगेच गुंडाळले, त्यामुळे पोस्टरची पुढची बाजू त्यांनी पाहिलीच नाही. मला पहिला क्रमांक मिळाला. कुणीतरी पोस्टरचा फोटो काढला होता आणि रविवारी तो त्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचला.

बारावी विहीर बौद्ध वस्तीतल्या एका आबांची आहे. सोमवारी सकाळी त्यांच्या गाईचे दूध घ्यायला गाडी थांबली नाही. नायट्रेटचा धोका ते पाणी तान्ह्या बाळांना पाजण्यात होता. दुधाचा त्यात संबंध नव्हता. पण पोस्टरवर ते लिहिलेले नव्हते.

हे कळल्यावर मी रडत सरांकडे गेले. त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग छत्री घेतली आणि म्हणाले, "चल, जाऊन येऊ."

आबा ओट्यावरच बसले होते. मला म्हणाले, "म्याडम, पानी न्यायला आलात तवा चहा पिऊन गेलात. रिझल्ट सांगायला का न्हाई आलात?" ते पुढे म्हणाले, "आमच्या आज्याला गावच्या पान्याला हात लावून देत नव्हते. म्हनून बापानं ही हीर खांदली. आता लोक हिच्याकडं बोट दाखवत्यात."

आतून आबांच्या बायकोचा, मावशींचा आवाज आला, "बक्षीस पोरीला आन् बोंब आमची, व्हय?"

"आबा," सर म्हणाले, "काम माझ्या देखरेखीखाली झालं. मी मागं उभा व्हतो, पुढं येऊन बघितलं न्हाई. चूक माझी हाय."

सरांना असे गावाकडचे बोलताना मी पहिल्यांदा ऐकले. माझे नाव त्यांनी उच्चारले नाही. मी पाणी मागितले, तर मावशी दारात येऊन म्हणाल्या, "आमच्यातलं? तुम्हीच लाल रंगात लिवलंय न्हवं?" आणि तरी शेजारून आणून दिले.

सर तिथून दूध गोळा करणाऱ्याकडे गेले, सगळे समजावून सांगितले. "सर, मला पटतंय," तो म्हणाला, "पन गिऱ्हाईक मोबाईल दाखवतंय, त्याला मी काय दाखवू?" परतीच्या एसटीत सरांनी मला एकच विचारले, "जेवलीस का?"

पुढचे चार रविवार सर माझ्याबरोबर बाराही घरी आले. आम्ही प्रत्येकाला त्याच्या पाण्याचा निकाल आणि काय काळजी घ्यायची ते सांगितले. तोवर आबांनी गाय विकली होती.

त्यानंतर सरांनी कोणत्याच स्पर्धेला कुणाला पाठवले नाही. ते निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा भरण्याची हालचाल नाही. तुकाराम मामा म्हणतात, "आता नळ्या धुताना ऐकू कुणाला?"

सरांना दीर्घायुष्य लाभो. त्यांची दृष्टी शाबूत राहो, गुडघे एसटीची पायरी चढण्याइतके बळकट राहोत आणि माझ्यासारख्यांची चूक स्वतःवर घेण्याची वेळ त्यांच्यावर पुन्हा न येवो.

राज्य फेरीचे मी शेवटी काय केले, हे सरांना अजून ठाऊक नाही. तेच पोस्टर मुंबईच्या त्या फेरीसाठी निवडले गेले होते. "काम तुझं आहे, तू ठरव," एवढेच सर म्हणाले होते. मी आबांना विचारले, नावे काढून नेऊ का? "न्यायचं तर न्या," ते म्हणाले, "पन आता नंबर टाकून काय उपेग? समद्यांना ठावं हाय." जाणार नाही असे घरी सांगितले तेव्हा वडील डबा भरता भरता थांबले. "मग कंपनीत लाईनवरच्यांना काय सांगू? पोरगी मुंबईला चालली म्हनून पेढे वाटून बसलोय."

गेल्या मंगळवारी नाव मागे घेत असल्याचे पत्र मी स्पर्धेच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिले आणि पोच घेतली.