तीन घरांच्या बिजागऱ्या

माझ्या मावशीला सगळे बिजागरीमावशी म्हणतात. पाडलेल्या घरांच्या राडारोड्यातून दारं, खिडक्या, फरशा, नळ, बादल्या असं जे वापरता येईल ते ती उचलते, नीट करते आणि विकते. मी तिचा टेम्पो चालवतो. तिच्या कामाची खूण एकच: दार असो की कपाट, प्रत्येक पल्ल्याला ती तीन वेगवेगळ्या घरांच्या बिजागऱ्या लावणार. एकाच घरच्या लावल्या की तिघी मिळून रुसतात, असं तिचं म्हणणं.

दुसरी सवय तोंडाची. चांगली वस्तू टाकलेली दिसली की टाकणाऱ्याचा उद्धार केल्याशिवाय ती वस्तू टेम्पोत चढत नाही. मला तो उद्धार आता तोंडपाठ झालाय.

गेल्या मंगळवारी ढिगाऱ्यावर एक पांढरं कपाट आडवं पडलेलं दिसलं. या वयात मावशी चक्क धावली. ठोकून पाहिलं, सांधे चाचपले. करणाऱ्याच्या हातात कसब आहे म्हणाली, रंग मात्र कुठल्या गाढवानं फासलाय कोण जाणे. मग नेहमीचं सुरू झालं.

"कुठल्या आईनं वाढवलं असेल असल्या करंट्याला?"

बोलता बोलता तिनं पल्ला वर उचलला. आत एक बिजागरी पितळेची, एक लोखंडी आणि एक वेलबुट्टीची.

मी हादरलोच. मावशी एकेका बिजागरीवरून बोट फिरवू लागली. हे कपाट तिनं दोन महिने खपून मुलीच्या लग्नात करून दिलं होतं, आणि तेव्हा त्याला नुसतं पॉलिश होतं. मुलगी महिन्यापूर्वी नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. घर लागलं की बोलावते म्हणाली होती, अजून बोलावलं नव्हतं.

मावशीनं तिथूनच स्पीकरवर फोन लावला, दुसरा हात कपाटावर. इकडचं तिकडचं झाल्यावर सहज विचारावं तसं विचारलं, कपाट कुठे ठेवलंस गं.

"बेडरूममध्येच आहे की, आई. आत्ताच आवरलं."

कपाट टाकलं हे मी एक वेळ गिळलं असतं. पण 'आत्ताच आवरलं' ऐकून माझं डोकं सणकलं, फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं. मावशी मात्र बरं म्हणाली, रविवारी दोघं जेवायला या म्हणाली आणि फोन ठेवला. उद्धार अर्धाच राहिला होता. तो तिनं पुरा केला नाही, कपाट मात्र चढवायला लावलं.

घरी मी म्हटलं, दाराशीच उभं करू, बघू दे तिला. खरं सांगायचं तर मला तिचं तोंड बघायचं होतं. मावशीनं ते मागच्या खोलीत नेलं आणि जुन्या पडद्यानं झाकलं. जावयासमोर पोरीची मान खाली जायला नको, म्हणाली. पडदा चार बोटं तोकडा पडला.

रविवारी जेवणं झाल्यावर जावई बाहेर फोनवर बोलत बसला. मुलगी टॉवेल आणायला मागच्या खोलीत गेली, ती तिथेच थांबली. पडद्याखाली पांढरे पाय दिसत होते.

"आई, हे काय आहे?"

मावशी तिच्या मागे दारात उभी होती.

"कुणीतरी टाकलं होतं," ती हळूच म्हणाली. "टाकणाऱ्याच्या आईला मी फार बोलले गं."

मुलीनं पडदा उचलला नाही. टॉवेल हातात धरून ती तिथेच खाली बसली.