सहासष्ट, सदुसष्ट

रोज सकाळी कामाला बसण्याआधी काका कामाच्या खोलीच्या दारात उभे राहायचे आणि रस्त्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात म्हणायचे, "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट." मग आत जाऊन एप्रन चढवायचे. गल्लीत नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, या गृहस्थांचा एखादा स्क्रू ढिला असावा. जुने लोक समजूत घालायचे, "अहो, ते सहासष्टकाका. कवळ्या करतात."

कवळ्या करणाऱ्याने आकडे का म्हणावेत, याचं कारण मात्र तीस वर्षांपूर्वीच्या चार दिवसांत घडलं होतं.

तेव्हा काका चाळिशीत होते आणि त्यांच्या हाताला नाव होतं. समोरच्या दवाखान्यातून डॉक्टरीणबाई पेशंटच्या तोंडाचे ठसे पाठवायच्या. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा उभा करायचे, मेणात एकेक दात बसवायचे, गुलाबी हिरड्या घोटून घोटून चमकवायचे. दात असे एका रेषेत, की बघणाऱ्याला आपल्याच दातांची लाज वाटावी. ज्याच्या तोंडात ते जायचे तो माणूस मात्र त्यांना कधी दिसायचा नाही. त्यांचा सगळा दिवस प्लास्टरच्या जबड्यांच्या संगतीत जायचा, आणि प्लास्टरचा जबडा कधी काही बोलत नाही.

तक्रारी यायच्या त्या चिठ्ठीवरून. टोचते. सैल वाटते. चावताना सरकते. काका चिठ्ठी उलटी करायचे, मागे दोनच शब्द लिहायचे, 'सवय होईल', आणि कवळी होती तशी परत धाडायचे.

"घराला आग लागलीय म्हटलं, तरी तुम्ही म्हणाल सवय होईल," काकू म्हणायच्या.

एकदा चिठ्ठी आली, 'बोलताना शिट्टी वाजते.' काकांनी नेहमीचे दोन शब्द लिहिले. आठवड्याने तीच कवळी, तीच चिठ्ठी. काकांनी पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्या वेळी, एका गुरुवारी, चिठ्ठी आली नाही. ती कवळी घालणाऱ्या बाईच आल्या. पन्नाशीच्या, हातात छत्री, चपला न काढताच दारात उभ्या.

"तुम्हीच का ते सवय होईलवाले?"

विचारतानाच 'स'वर एक बारीक शिट्टी उमटली. काकांनी ती ऐकून न ऐकल्यासारखी केली. "बाई, नवीन कवळी म्हटल्यावर महिनाभर तरी..."

"महिना नाही माझ्याकडे. सोमवार आहे. मी बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करते. हे थांबलं नाही तर साहेब मला पार्सलच्या खोलीत बसवणार आहेत. अठरा वर्षं बोलतेय मी त्या माइकवर. उद्या सकाळी या, बाकावर बसा, ऐका. मग सांगा मला, सवय होईल म्हणून."

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रात्री जेवताना ते धुमसतच होते. "दात एकदम सरळ आहेत. बाईंच्या जिभेचाच दोष."

"मग जाऊन दाखवा की त्यांना दोष कुणाचा तो," काकू म्हणाल्या. "मला सांगून काय उपयोग? माझे अजून सगळे जागेवर आहेत."

शुक्रवारी काका स्टँडवर गेले ते दोष दाखवायलाच. बाकावर हाताची घडी घालून बसले. भोंगा खरखरला. "सहासष्ट नंबरची गाडी फलाट क्रमांक सातवर..." आणि प्रत्येक 'स'ला अशी लांबलचक शिट्टी वाजली, की शेजारी पेंगणारे आजोबा दचकून उठले. कंडक्टरने शिट्टी मारली, गाडी सुटली, असं वाटून ते पिशवी घेऊन धावत सुटले. लोक हसले. कोपऱ्यातून कुणीतरी भोंग्याला उलट शिट्टी मारली. पुन्हा हशा.

काकांची नजर घोषणेच्या काचेच्या खोलीकडे गेली. बाईंनी माइक बंद केला होता आणि तोंडावर हात धरून त्या बसल्या होत्या. काका बघत राहिले. इतक्या निगुतीने केलेले आपले दात कुणी असे हाताने झाकत असेल, हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

त्यांनी काचेवर टकटक केली. 'चुकलं' हा शब्द ओठांपर्यंत आला, पण त्याची त्यांना सवय नव्हती. "पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

"काय?"

"तो नंबर. माइक बंदच ठेवा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना विचारून काकांनी बाईंना कामाच्या खोलीत बोलावलं, घरातली लाकडी खुर्ची आणून ठेवली. त्या खोलीत पहिल्यांदाच दात बोलत होते. काकांनी पुढच्या दातांमागे, टाळूकडे, मेणाचा पातळ थर दिला. बाई म्हणाल्या, "सहासष्ट." शिट्टी. मेण खरवडलं, थोडं मागे दिलं. आता "शहाशष्ट" झालं.

"आता तर मी पार दुसऱ्याच गावची वाटतेय," बाई म्हणाल्या, आणि तोंडावर हात न धरता हसल्या.

शनिवारही त्यातच गेला. बाई गुळमुळीत बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "कमी झाली, पण गेली नाही. आता फक्त शब्दाच्या शेवटी येते. उजवीकडे वारा जास्त जातो." आधी प्रत्येक वाक्य काकांना टाचणीसारखं टोचत होतं. नंतर त्यांच्या लक्षात आलं, की आपण मेण लावून हात थांबवतो ते बाई काय म्हणतील हे ऐकायलाच. त्यांना जे दिसत नव्हतं ते बाईंना आतून कळत होतं.

रविवारी दिवेलागणीला "सदुसष्ट" स्वच्छ आलं. काकांचा विश्वास बसेना. ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. मग मेणाच्या जागी पक्का थर दिला, घोटला, आणि सोमवारी सकाळी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले.

"सहासष्ट नंबरची गाडी फलाट क्रमांक सातवर येत आहे."

शेजारी तेच पिशवीवाले आजोबा होते. "भोंगा दुरुस्त केला वाटतं," ते म्हणाले.

"हो," काका म्हणाले, "बराच त्रास दिला त्याने."

ती खुर्ची मग घरात परत गेली नाही. कवळी पक्की होण्याआधी पेशंटने येऊन त्या खुर्चीत आकडे म्हणायचे, असा नियम झाला. आणि रोज कामाला बसण्याआधी काका स्वतःही दारात उभे राहून तेच आकडे म्हणू लागले, चांगला 'स' कसा ऐकू येतो ते कानाला आठवावं म्हणून. चिठ्ठीच्या मागे काका आता 'सवय होईल' लिहीत नसत. लिहीत, 'कधी? काय खाताना? कोणत्या बाजूला?' प्रत्येक तक्रार खरी निघायची असं नाही. एका गृहस्थांनी कळवलं, की नव्या कवळीने सुनेचा स्वयंपाक बेचव लागतो. काकांनी चौकशी केली, कवळी नीट तपासली आणि चिठ्ठी काकूंना वाचून दाखवली. काकू म्हणाल्या, "सुनेला पाठवा इकडे. मी बोलते."

पुढे लेक हाताखाली आली. तिची पहिलीच कवळी परत आली तेव्हा तिने एप्रन काढून फेकला. "त्या आजींना काहीच पसंत पडत नाही, बाबा! त्यांचं तोंडच वाकडं आहे."

"असेल," काका म्हणाले. "तोंड सरळ करता येत नाही आपल्याला. रडायचं असेल तर रडून घे, आणि मग विचारून ये, कोणत्या बाजूला लागतंय."

ती पाच मिनिटं रडली आणि गेली. उत्तर घेऊन आली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा होता.

सत्तरी ओलांडली आणि काकांचेही दात गेले. त्यांची कवळी लेकीने केली. ती पहिल्यांदा तोंडात घातली त्या सकाळी ते खुर्चीत बसले नाहीत, सवयीने दारात जाऊन उभे राहिले. त्याच दिवशी दुपारी ते झोपेतच वारले, पण ती सकाळ रोजच्यासारखीच होती. पलीकडच्या दुकानदाराने हात केला. लेक मागे श्वास रोखून उभी होती.

"पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट." एकही शिट्टी नाही. काकांनी जीभ आतून सावकाश फिरवली, आणि वळून तिच्याकडे बघत समाधानाने म्हणाले, "आवाज छान आहे. डावीकडे जरा टोचतंय, चहा झाला की बघ."